तोंडात घ्यायची, गिळायची नाही

आमच्या घरात सकाळ झाल्याचं घड्याळाच्या आधी मायच्या नाकाला कळायचं. नांदेडला स्टेशनच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो आणि मागच्या खोलीत मायचे बारा डबे. बँकेतले, रेल्वेतले, कॉलेजातले असे बाराजण तिच्या हातचं जेवायचे. स्टोव्हचा भरभर आवाज, भाकरी थापल्याची थपथप, शेंगदाणे कुटताना हलणारी फळी, या सगळ्यात मी अभ्यास करून बी.एस्सी. झाले. माय स्वयंपाक करताना कधीही काही चाखून बघायची नाही. दुसऱ्याच्या पोटात जाणारं अन्न आपण आधी उष्टं करायचं नाही, हा तिचा कायदा होता. मग कळायचं कसं? तर ती पातेल्यावर वाकायची, पदरानं वाफ स्वतःकडं ओढून घ्यायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "जिरं करपलं गं." "डाळीला अजून अंग न्हाई आलं, राहू दे." "ही चिंच मागल्या सालची हाय, दुकानदारानं फसवलं." ती चुकल्याचं मला आठवत नाही. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते म्हणायचे, "तुझ्या मायला रेल्वेनं ठेवून घ्यायला पाहिजे होतं. मालगाडीच्या डब्यात काय हाय ते कुलूप न काढता सांगितलं असतं तिनं."

स्टोव्ह पेटायच्या आधी बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लागायची आणि आम्ही तिघं पंचशील म्हणायचो. पहिली चार शीलं माय आमच्या बरोबरीनं म्हणायची. पाचवं, दारूपासून दूर राहायचं, ते आलं की तिचा आवाज असा चढायचा की शेजारचं लेकरू झोपेतून दचकून उठायचं. तिचं माहेर लोह्याकडच्या एका खेड्यातलं. तिचा बाप, म्हणजे माझा आजा, दिवसभर राबायचा आणि आलेली मजुरी भट्टीवर ओतून यायचा. धर्मांतर झालं तेव्हा त्यानं शीलं घेतली आणि बाटली सोडली ती कायमची. माय तेव्हा अगदी लहान होती, पण तिला ते लख्ख आठवायचं. "त्या दिशी आमच्या घरात पयल्यांदा भाकर उरली," ती सांगायची. "सकाळी उठून बघते तर टोपल्यात शिळी भाकर! मला वाटलं, कुणी इसरून गेलं की काय." हे सांगताना ती हसायची आणि डोळेही पुसायची. त्यामुळं आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा कोणी तोंडातून काढत नसे.

आणि अशा घरातल्या मला पहिली नोकरी लागली ती वाइनच्या कारखान्यात! लातूरजवळ, औशाच्या रस्त्याला, काही द्राक्ष बागायतदारांनी मिळून तो छोटासा कारखाना काढला होता. त्यांना रसायनशास्त्र शिकलेलं माणूस हवं होतं, आणि बाबांच्या डेपोतल्या कुणाच्या तरी ओळखीनं माझा अर्ज तिथं गेला. तीन महिने उमेदवारी, मग परीक्षा, पास झालं तर कायम. इकडं परभणीचं एक स्थळ मायनं ताटकळत ठेवलं होतं. पोरगा चांगला होता म्हणे, पण मला तेव्हा लग्न नको होतं, पगार हवा होता, स्वतःची खोली हवी होती, आणि प्रयोगशाळेतला पांढरा कोट तर इतका हवा होता की काय सांगू! बाबांनी मायला सांगितलं, "फळाच्या रसाचा कारखाना हाय." तसं बघितलं तर ते खोटं नव्हतं. रसच होता तो. पुढं त्या रसाचं काय होतं, तेवढं मात्र बाबांनी गिळलं.

तिथले मुख्य बेहरे सर. नाशिककडचे, परदेशात शिकून आलेले, अतिशय टापटीप आणि अतिशय तापट. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात लांब दांड्याचा काचेचा पेला दिला, तळाशी चार घोट लाल वाइन. "आधी बघ, मग फिरव, मग वास घे, मग तोंडात घे आणि तोंडभर खेळव. मग सांग." मी घरून ठरवूनच आले होते, की काही झालं तरी घशाखाली उतरू द्यायची नाही. बघितलं, फिरवलं, वास घेतला, तोंडात घेतली. आणि मग माझी पंचाईत झाली. गिळायची तर नव्हतीच. पण थुंकायची कशी? आमच्या घरात तोंडात घेतलेला घास थुंकणं म्हणजे अन्नाचा अपमान. लहानपणी मी एकदा कारल्याची भाजी थुंकले होते, तर मायनं दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आणि इथं तर साहेबांसमोर! मग मी दोन्ही गाल फुगवून तशीच उभी राहिले. "ॲसिडिटी कशी आहे?" सरांनी विचारलं. "हं," मी म्हणाले. "जास्त की कमी?" "हं हं." "अगं, तोंडानं बोल!" माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मागं पिंपांपाशी रहीमचाचा उभे होते. लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागं त्यांचं पिढीजात घर, वाडवडील कल्हईवाले. कारखान्यातल्या लाकडी पिंपांची सगळी देखभाल त्यांच्याकडं. ते पळत आले, स्टीलची बादली माझ्या हनुवटीखाली धरली आणि म्हणाले, "थूक बेटी, थूक! इधर थूकनाच अदब है." मी थुंकले. सर आधी बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला.

मग कळलं, की चाखणारी माणसं जगभर थुंकतातच. दिवसाला वीस पेले चाखायचे आणि गिळायचे, तर अकराव्या पेल्याला माणूस आपलं नाव विसरेल! रहीमचाचा तर तोंडातही घेत नसत, नुसत्या नाकावर काम भागवत. मला हायसं वाटलं. पण खरी कटकट पुढंच होती. सर शब्द सांगायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायची. नोज म्हणजे वास. ड्राय म्हणजे जिच्यात साखर उरलेली नाही ती. टॅनिन, बॉडी, फिनिश, बॅलन्स. आणि वासांची तर ही लांबलचक यादी, ब्लॅककरंट, रास्पबेरी, प्लम, व्हॅनिला. मी बसून सगळं पाठ केलं, परीक्षेला करतात तसं. आठवड्यानं सरांनी पेला दिला, मी वास घेतला आणि धडाधड म्हणाले, "ब्लॅककरंट, सर, आणि थोडं रास्पबेरी." सरांनी विचारलं, "ब्लॅककरंट खाल्लंयस कधी?" "न्हाई, सर." "बघितलंयस?" "न्हाई, सर. पाठ केलंय." त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि परत दिली. "शोभा, जे तुझ्या तोंडाला माहीत नाही ते मला सांगू नकोस. असंच चाललं तर परीक्षेला बसूसुद्धा नकोस." त्या दिवशी मी खोलीवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

शनिवारी एसटीनं नांदेडला आले. रविवारी सकाळी डबे नसायचे. माय बाहेर ज्वारी निवडत बसली होती. मी संधी साधून मोरीत उभी राहिले आणि काचेच्या ग्लासात कोरा चहा घेऊन सराव सुरू केला. ग्लास फिरवायचा, नाक घालून वास घ्यायचा, घोट घ्यायचा, ओठांतून हवा आत ओढून गुळगुळ करायचं आणि थू! तीन-चार वेळा झालं आणि दारात माय. "काय गं, दाढ दुखून राहिली का?" "न्हाई, चव बघून राहिले." "चहाची चव बघायला एवढा दंगा? अन् थुंकून कशाला राहिलीस, माशी पडली का काय?" आणि तिची नजर माझ्या उघड्या वहीवर गेली. माय चौथीपर्यंत शिकलेली, डबेवाल्यांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तिला भराभर वाचता यायचं. पहिल्याच ओळीत मी ठळक अक्षरात 'वाइन' लिहिलेलं. तिनं ते वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग ती बाबांकडं वळली. बाबा त्या दिवशी सायकलची साखळी दुरुस्त करायला जे बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत.

मी सगळं खरं सांगून टाकलं. आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं. माय पाटावर बसली. मग म्हणाली, "गिळतीस का?"

"न्हाई माय. थुंकते."

"समदी?"

"समदी."

"अन् बघतं कोण?"

मी वही मिटली. माय उठली, ज्वारीचं सूप उचललं आणि पाखडता पाखडता म्हणाली, "परीक्षेच्या दिशी मी येते. माझ्या डोळ्यानं बघते. एक घोट जरी खाली गेलेला दिसला, तर तिथूनच तुझी पेटी उचलायची अन् परभणीच्या पोराला होकार कळवायचा." मी मान हलवली. दोन सुपं पाखडून झाल्यावर ती परत म्हणाली, "अन् नापास झालीस तरी होकारच. माझी पोरगी चवीत नापास? लोक काय म्हणतील! डबे बंद करावे लागतील मला." तेव्हा मला कळलं, की मायच्या आतल्या डबेवालीनं पाचव्या शीलाशी काहीतरी तह केला आहे.

पुढचे सगळे रविवार आमच्या घरात शाळा भरली. बाबांचा रुमाल माझ्या डोळ्यांवर बांधायचा, समोर वाट्या मांडायच्या आणि माय विचारणार. चिंचेचं पाणी. "काय होऊन राहिलं?" "तोंडाला पाणी सुटलं." "ही तुझी ती शिडिटी." मग सुपारीचं खांड, कच्चं जांभूळ. "आता?" "जीभ खरखरीत झाली, हिरड्या ओढल्या." "हे तुझं टॅनिन. आंबट पाणी आणतं, तुरट पाणी पळवतं. एवढं शिकायला तुझा सर परदेशात गेला व्हय?" बॉडीसाठी तिनं ताक, दूध आणि आटवलेलं दूध दिलं आणि म्हणाली, "तोंडात किती वजन पडतं ते बघ. मी डाळीला अंग आलं म्हणते, ते हेच." फिनिशसाठी ओवा चावायला लावला आणि चव जाईस्तोवर बोटं मोजायला सांगितली. गुळाचा खडा तीन बोटांत संपला, ओवा दोन्ही हातांवर मावला नाही. बॅलन्स म्हणजे काय हे तर तिनं येसराच्या, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीचा एक भुरका देऊन एका वाक्यात संपवलं, "कुणी कुणाला दाबून न्हाई राहिलं, बस्स." बाबा दारात बसून माझ्या गुणांची बेरीज करायचे आणि उरलेल्या वाट्या संपवायचे. मला जन्मात इतकं हसल्याचं आठवत नाही. आज निवृत्तीनंतर मी कधीमधी नवख्या लोकांना वाइन चाखायला शिकवते, पुण्या-मुंबईची तरणीताठी पोरं-पोरी येतात. त्यांच्या हातात पेला द्यायच्या आधी मी अजूनही सुपारीचं खांड ठेवते. ते एकमेकांकडं बघतात, चावतात, आणि मग टॅनिन त्यांना जन्मभर समजावून सांगावं लागत नाही.

परीक्षेच्या दिवशी माय लातूरला आली ती भाकरी-ठेच्याचं गाठोडं काखेत घेऊन आणि कारखान्याच्या फाटकापासून नाकाला पदर लावून. कडक उन्हाळा होता. रहीमचाचांनी तिला प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच्या बाकावर बसवलं, प्यायला पाणी दिलं. दार उघडंच होतं, आणि तिनं बाक असा सरकवून घेतला की माझं तोंड आणि बादली दोन्ही तिला दिसावं. माझ्या आधी त्याच जागेसाठी बाहेरगावचे दोन उमेदवार होऊन गेले होते, दोघंही फाडफाड इंग्रजी बोलणारे. सरांनी माझ्यासमोर चार पेले मांडले. पहिला घेतला. "सर, ही आंबट जास्त, अंगानं पातळ, ताकासारखी. वास लिंबाच्या पानाचा." थू. दुसरा. "ही कच्च्या जांभळाची. जीभ धरून ठेवती. चव सात बोटं राहते." थू. तिसरा. "पिकलेलं जांभूळ, मागून काळा गूळ. कुणी कुणाला दाबत नाही." थू. सर लिहून घेत होते आणि त्यांची मिशी हलत होती. मला बळ आलं.

चौथा पेला म्हणजे सरांचा जीव की प्राण होता. त्या पिंपावर त्यांनी वर्षभर मेहनत घेतली होती, आणि आधीच्या दोघांनी त्यातल्या वाइनची तोंड भरून स्तुती केली होती, हे मी कानांनी ऐकलं होतं. मी वास घेतला. जांभूळ होतं, पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी बसलं होतं. परत घेतला. तोंडात घेतली, थुंकली. हे बोलले तर सर भडकणार, नोकरी जाणार, परभणी. न बोलले तर पाठ केलेलं बोलल्यासारखंच. "जे तुझ्या तोंडाला माहीत नाही ते सांगू नकोस," सर म्हणाले होते. पण हे तर माझ्या नाकाला चांगलंच माहीत होतं. "सर," मी म्हणाले, "हिला कुबट वास येतोय. ओल्या पोत्याचा."

"काय?" सर उभे राहिले. त्यांनी पेला हिसकावला, वास घेतला, परत घेतला. "काहीतरीच! मला नाही येत." ते तावातावानं पेला घेऊन बाहेर गेले. "चाचा, तुम्ही बघा." चाचांनी नाक लावलं आणि जमिनीकडं बघत उभे राहिले. शेजारी माय बसलेली. सर बोलण्याच्या भरात होते की त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, मला आजही सांगता येत नाही, पण त्यांनी पेला तिच्यापुढं केला. "बाई, तुम्ही सांगा. तुमचीच मुलगी ना?" ज्या बाईनं दारूचं दुकान दिसलं की आयुष्यभर रस्ता बदलला, तिच्यापुढं पेला! मायनं माझ्याकडं बघितलं. मग नाकावरचा पदर काढला, पेला दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि पदराच्या टोकानं वास स्वतःकडं ओढून घेतला, पातेल्यावर वाकायची तसा.

"पोतंच हाय," ती म्हणाली. "ज्वारीचं. भिजवून भिजवून गुंडाळलेलं अन् कधी उन्हात न टाकलेलं. रांजणाला लावतो आम्ही तसलं. तिसऱ्या दिशी वाळवलं न्हाई की घाण मारतं. पाण्याला बी तोच वास लागतो." आणि पेला परत देऊन तिनं हात धुवायला पाणी मागितलं.

रहीमचाचांनी कपाळावर हात मारून घेतला. "मैंनेच लपेटा था, साब." उन्हाळा वाढला तसा त्यांना पिंपांची कीव आली. घरी माठाला गुंडाळतात तसं त्यांनी पिंपांना ओलं पोतं गुंडाळलं होतं आणि रोज इमानानं पाणी मारत होते. पोत्याला बुरशी धरली, ती लाकडात उतरली आणि लाकडातून वाइनमध्ये. सर दिवसभर त्याच तळघरात बसायचे, त्यांच्या नाकाला तो वास सवयीचा होऊन गेला होता. सर धावतच खाली गेले, पोतं काढून हातात घेऊन वर आले आणि उन्हात उभं राहून त्याचा वास घेतला. एक पिंप गेलं होतं, पण बाकीची सहा वाचली होती. शेवटी सर मायला म्हणाले, "बाई, मुलगी सोमवारपासून कायम. आणि तुम्हाला यायचं असेल तर तुम्हीही या." माय म्हणाली, "मला बारा डबे हायेत." चाचा इतके ओशाळले होते, की मायनंच त्यांना गाठोड्यातली भाकरी दिली आणि म्हणाली, "भाऊ, तुमची माया जास्त झाली, एवढंच. खा." आम्ही चौघांनी त्या बाकावर बसून ठेचा-भाकरी खाल्ली. ठेचा तोंडात टाकल्यावर बेहरे सर डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, "फिनिश लांब आहे." मी हसता हसता ठसका लागून मरायची बाकी होते.

संध्याकाळच्या गाडीला मायला सोडायला स्टँडवर गेले. नोकरी सरांनी दिली होती, पण ती ठेवायची की नाही, हे मायच्या हातात होतं. गाडी लागली. तिनं खिडकीची जागा धरली, गाठोडं मांडीवर घेतलं. मी खिडकीखाली उभी राहिले. "माय," मी म्हणाले, "परभणीला काय कळवायचं?"

"चार घेतल्या," माय म्हणाली, "अन् चार थुंकल्या. मोजून राहिले होते मी." तिनं खिडकीतून हात काढून माझ्या गालावरून फिरवला, त्या फुगलेल्या गालांवरून, ज्यांची गोष्ट चाचांनी तिला आल्याआल्या सांगितली होती. "परभणीच्या पोराला दुसरी मिळंल. तू कर तुझं काम."

मी तिथंच रडायला लागले, आनंदानं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, गाडी मागं सरकली, वळली. बाकीच्या माया आपल्या पोरींना खिडकीतून सांगतात, जेवत जा, जपून राहा. माझी माय अर्धी खिडकीबाहेर आली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "थुंकत जा गं बाई! चांगली थुंकत जा!" फलाटावरची माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी दोन्ही हात वर केले आणि तिच्याइतक्याच मोठ्यानं म्हणाले, "हाव, माय!"